निरंकुश : वाक्यात उपयोग करा

माझी थोरली लेक लग्न होऊन दुसऱ्या गावी गेली, त्या वर्षी मी अक्षरं शिकले. तोवर माझे निम्मे केस पिकले होते. शिकायची हौस म्हणून नव्हे, मामंजींनी सांगितलं म्हणून शिकले.

आमचं शिंप्याचं दुकान. पुढे दुकान, मागे घर, मधे एक जाड पडदा. मामंजी, म्हणजे माझे सासरे, कापड बेतायचे. आमचे हे मशीनवर शिवायचे. काजंबटणं करायला एक म्हातारे गृहस्थ येत, त्यांना सगळे काजेकाका म्हणत. मी दुसऱ्या मशीनवर अस्तर लावायची, हातशिलाई करायची. आणि थोरली शाळेतून आली की गिऱ्हाइकांची मापं वहीत उतरवून घ्यायची, कापड बेतताना मामंजींना ती मोठ्याने वाचून दाखवायची. ती गेली आणि वही तशीच पडली.

"सूनबाई, तू शीक," मामंजी म्हणाले.

"मी? आता?"

"मशीन शिकलीस की नाही? अक्षर म्हणजे काय, काळा दोराच. वळव तसा वळतो."

हे मान खाली घालून म्हणाले, "बाबा, मला येतं की लिहिता."

"तू उठलास तर शिवणार कोण? तुझा आजा?"

विषय संपला. आमच्याकडे विषय असेच संपत. गल्लीच्या टोकाला दुपारचा बायकांचा वर्ग भरायचा, तिथे दुसऱ्याच दिवशी माझं नाव घातलं गेलं. मामंजींना ती मापं स्वतः का वाचता येऊ नयेत, हे तेव्हा कोणी विचारलं नाही.

दुकानाचे नियम सांगते, म्हणजे पुढचं कळेल. मामंजींची कात्री लोखंडी होती, माझ्या कोपरापासून बोटांपर्यंत लांब. ती त्यांच्या बसायच्या जागेवर खिळ्याला टांगलेली असे. तिला दुसऱ्या कोणाचा हात लागायचा नाही, धार लावायलासुद्धा ते स्वतः घेऊन जात. त्यांनी कात्री खाली काढली की दोन्ही मशीन थांबायची. इस्त्री बाजूला ठेवायची. बोलायचं नाही, खोकायचंही नाही. कापडातून कात्री जातानाचा करकर आवाज तेवढा. मग ते "चला" म्हणत, आणि दुकान पुन्हा सुरू होई. एकदा कापलं की त्यावर बोलायचं नाही, हा शेवटचा नियम. "कापलं ते बरोबर," असं मामंजी म्हणायचे, आणि त्यांच्या वडिलांचंही तेच म्हणणं होतं असं सांगायचे.

आणखी एक रीत होती. दुकानात काम केलेलं माणूस गेलं, तर त्याला शेवटचा निरोप द्यायचा तो दुकानात त्याच दिवशी बेतलेल्या नव्या कोटात. घाईचा कोट, बिनअस्तराचा, पण नवा. सासूबाई गेल्या तेव्हा त्यांच्यासाठीही मामंजींनी बेतला होता. तेव्हा मामंजींची नजर चांगली होती. तो कोट असा बसला होता की मला सासूबाईंचा हेवा वाटला.

आमच्या यांना आयुष्यात एकच गोष्ट हवी होती. एक कोट स्वतःच्या हाताने बेतायचा. बस. घर नको, मान नको, दुकानाच्या पाटीवर नाव नको. लग्न झाल्यावर पहिल्यांदा एकांतात बोलायला मिळालं तेव्हाही ते हेच बोलले होते. मला वाटलं होतं काहीतरी गोड बोलतील. म्हणाले, "बाबा पुढच्या वर्षी कात्री देणार आहेत." पुढचं वर्ष काही आलं नाही. दाढी पांढरी झाली, तरी हे दुकानात "मास्तरांचा मुलगा"च.

वर्गातल्या बाई तरुण होत्या, आवाज मात्र दणदणीत. जोडाक्षरं संपली तशा त्या फळ्यावर रोज एक मोठा शब्द लिहायच्या, अर्थ सांगायच्या आणि म्हणायच्या, "आता वाक्यात उपयोग करा." एका दुपारी त्यांनी लिहिलं : निरंकुश.

"अंकुश म्हणजे हत्तीला आवरायची आकडी," बाई म्हणाल्या. "माहूत तिने हत्तीला टोचतो. ज्याच्यावर अशी आकडी नाही, तो निरंकुश. ज्याला वाटेल ते करता येतं, कोणी अडवत नाही, कोणाला जाब द्यावा लागत नाही. राजाची सत्ता निरंकुश होती. चला, करा वाक्य."

शेजारची बेकरीवाली लगेच म्हणाली, "आमच्या घरात हत्ती आहे हो बाई, आकडीच सापडत नाही."

सगळ्या हसल्या. बाईसुद्धा. मग एकीने वाक्य केलं, "माझी जीभ निरंकुश आहे." दुसरी म्हणाली, "ते तुझ्या नवऱ्याला विचारून आलीस ना?" पुन्हा हशा. माझी पाळी आली तेव्हा मी म्हटलं, "आमच्या दुकानात कात्री निरंकुश आहे."

बाईंनी मान हलवली. "कात्री कशी? कात्री आपली आपण चालते का? चालवणाऱ्याला लावा हा शब्द."

"चालवणाऱ्याचं नाव घ्यायची हिंमत नाही बाई. म्हणून कात्रीवर भागवलं."

बाईंनी खडू उचलला. मग त्यांनी माझं वाक्य फळ्यावर लिहिलं, तसंच. माझ्या तोंडचं वाक्य भिंतीवर मी पहिल्यांदा पाहिलं. घरी येईपर्यंत मी ते मनात वाचत होते.

यांना सांगितलं तर हे गालात हसले. "बाबांच्या कानावर घालू नकोस. तो शब्दही आखूड करून देतील."

हसण्यासारखं होतं खरं, कारण तोपर्यंत आमचं आखूड-लांबचं चोरटं काम सुरू झालं होतं. मामंजींच्या डोळ्यांवर पडदा येत होता. खडूची रेघ दोन बोटं इकडे, दोन बोटं तिकडे जायची. एक बाही लांब, एक आखूड. एकदा तर दोन्ही पुढची पानं, म्हणजे कोटाच्या छातीवरचे तुकडे, उजव्याच बाजूची कापली. डोळ्यांच्या डॉक्टरचं नाव काढलं की म्हणायचे, "माझे डोळे बोटांत आहेत." आणि कापलं ते बरोबर.

मग काय करायचं? मामंजी दुपारी जेवून पडद्यामागे आडवे व्हायचे. ते घोरायला लागले की काजेकाका दाराशी उभे राहत, आणि हे खाली बसून कापड सारखं करत. चिंधीतून जोड काढायचा, जोड काखेत दडवायचा, शिवणीत दाबायला सोडलेलं कापड उसवून तेवढं लांबवायचं. अगदीच वाया गेलं असेल तर मी पिशवी घेऊन बाजारात जाऊन त्याच रंगाचं कापड शोधून आणायची. हे काम करताना यांचे हात बघायला हवे होते. हातात माझ्या विळीशेजारी पडून असलेली बोथट कात्री, पण कापड लोण्यासारखं वळायचं. जोड कुठे आहे ते मलाही नंतर सापडायचं नाही.

काजेकाका दारातून पुटपुटायचे, "वहिनी, या दुकानात दोन मास्तर आहेत. एक कापतो, एक झाकतो."

मामंजी उठायचे, तयार कोटावरून बोटं फिरवायचे आणि म्हणायचे, "बघ लेका, बेतणं याला म्हणतात."

हे "हो बाबा" म्हणायचे.

अशी सुमारे दोन वर्षं गेली. तेव्हाच यांना खोकला लागला. मामंजी कात्री चालवत असताना हे खोकला गिळायचे, आणि त्यांचा चेहरा लालबुंद व्हायचा.

मग वकीलसाहेबांचा कोट आला. वकीलसाहेब जुनं गिऱ्हाईक. त्यांची मोठ्या कचेरीत नेमणूक झाली होती, पहिल्या दिवशी घालायला काळा कोट हवा होता. कापड त्यांनीच बाहेरून मागवलं होतं, जेमतेम कोटापुरतं. मी मापं वाचली. मशीन थांबली. कात्री चालली. "चला," मामंजी म्हणाले. आणि मी पाहिलं, डावं पान खाली चांगलंच आखूड गेलं होतं.

दुपारी मामंजी आडवे झाले. यांनी चिंध्या चाचपल्या. त्या कापडाची एवढीशी कातरण होती, तिच्यातून खिशाची पट्टीही निघाली नसती. बाजारात तसं कापड मिळायचं नाही.

"आता?" काजेकाका म्हणाले.

मी म्हटलं, "आता काही नाही. जसं कापलंय तसं शिवा."

यांनी ती कातरण खाली ठेवली.

"अहो, तुम्ही झाकता म्हणून त्यांना दिसत नाही. त्यांना वाटतं सगळं बरोबर चाललंय. एकदा दिसू दे. दिसलं की कात्री आपोआप तुमच्याकडे येईल. आणखी किती वर्षं थांबणार?"

"बाबांना काय वाटेल?"

"वाटू दे की. वाटायला नको का कधी?"

काजेकाकांनी दाराकडे तोंड फिरवलं. हे बराच वेळ त्या काळ्या कापडावर हात ठेवून बसले. मग उठून मशीनवर गेले आणि जसं होतं तसं शिवलं. शिलाई इतकी सुरेख केली की आखूडपणा आणखीच उठून दिसला.

वकीलसाहेब कोट घालून बघायला आले. आरशासमोर उभे राहिले. एक बाजू खाली, एक वर. दुकानात सगळ्यांना दिसलं. वकीलसाहेबांनी स्वतःला डावीकडून पाहिलं, उजवीकडून पाहिलं, आणि ते आरशातूनच मामंजींकडे बघू लागले.

"कसा वाटतो?" मामंजींनी विचारलं.

कोणी बोलेना. तेव्हा मामंजी उठले. हात पुढे करून कोटाची किनार त्यांनी बोटांत धरली आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत नेली. डाव्या बाजूला आल्यावर बोटं थांबली. पुन्हा मागे गेली, पुन्हा आली. त्यांच्या ओठांच्या कडा पांढऱ्या झाल्या. त्यांना कळलं. मी शपथेवर सांगते, त्यांना कळलं.

"शिलाईत ओढलंय," मामंजी म्हणाले. आणि यांच्याकडे वळले. "तू ओढलंस."

आता बोलायचं होतं. एवढ्यासाठीच सगळं केलं होतं. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी मशीनच्या चाकावर हात ठेवला होता, चाक फिरत नव्हतं.

"हो बाबा. माझ्याकडून ओढलं गेलं."

काजेकाका सुईत दोरा ओवत होते, सुईत दोरा आधीच होता. आणि वकीलसाहेब, रोज खऱ्याखोट्याची छाननी करणारा माणूस, आरशात ते आखूड पान स्पष्ट बघत म्हणाले, "होतं असं कधीकधी, मास्तर. शिलाईत होतं."

माझ्याच्याने राहवलं नाही. "मामंजी, शिलाईत नाही. कापड तिरपं कापलं गेलं. मी पाहिलंय."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. मामंजींनी मान माझ्या दिशेने वळवली. रागावले नाहीत. राग आला असता तर बरं झालं असतं.

"माप कोणी वाचलं होतं?"

"मी. बरोबर वाचलं होतं."

"या वयात बाईमाणसाला अक्षरं शिकवायला घातली," ते वकीलसाहेबांना म्हणाले, "तीच माझी चूक झाली. ती मी कबूल करतो."

वकीलसाहेब हसले. काजेकाकाही हसले, भीतीने. माझा वर्ग त्या दिवशी बंद झाला. थोरलीच्या धाकट्या दिराला मापं लिहायला बोलावून घेतलं. यांना मशीनवरून उठवलं आणि इस्त्रीला बसवलं, "हाताला शिस्त लागेपर्यंत." कोळशाची इस्त्री, ओल्या कापडाची वाफ, आणि यांची छाती आधीच तशी.

पडद्याआड मी बाईंचा शब्द आठवत बसायची. ज्याच्यावर आकडी नाही तो निरंकुश, असं बाई म्हणाल्या होत्या. पण त्या दिवशी दुकानात आम्ही इतकी माणसं होतो, आणि आकडी प्रत्येकाच्या हातात होती. एकेकाने ती हळूच खाली ठेवली. माझ्या हातातली कोणाला दिसलीच नाही. मला बाईंना विचारायचं होतं, की अशा वेळीही हाच शब्द लावतात का, की दुसरा आहे. पण वर्ग बंद झाला होता.

मी यांच्यावर चिडले होते, ते लपवत नाही. "हो बाबा का म्हणालात?"

"त्यांची बोटं बघितलीस?" हे म्हणाले. "पुन्हा पुन्हा त्याच जागी येत होती गं. मी नाही म्हटलं असतं तर त्यांच्याकडे काय उरलं असतं?"

"आणि तुमच्याकडे काय उरलं?"

यावर ते खोकले. उत्तर होतं की खोकला होता, मला कळलं नाही.

पुढच्या हिवाळ्यात हे अंथरुणाला खिळले. मी वाण्याकडच्या पुड्यांचे कागद सोडवून वाचत बसायची, अक्षरं विसरू नयेत म्हणून. वाचून झालेला कागद हे मागून घ्यायचे आणि बोथट कात्रीने कोट बेतायचे. तळहाताएवढे कोट. पाठ, पुढची पानं, बाह्या, कॉलर, सगळं वेगवेगळं. जुळवलं की टोकाला टोक लागायचं. अंथरुणावर कागदी कोटांचा ढीग पडायचा आणि संध्याकाळी मी तो चुलीत घालायची. त्यांनीच घालायला सांगितलं होतं. "बाबांच्या पायाखाली नको यायला."

मी एकदा दुकानात गेले. मामंजी एकटे होते.

"मामंजी, एक मागते. कात्री एक दिवस द्या. यांना एक कोट बेतू दे. एकच. वाया गेला तर माझ्या वर्षाच्या लुगड्यातून कापडाचे पैसे वळते करा."

त्यांनी डोकं वर करून खिळ्याकडे पाहिलं. म्हणजे चेहरा तिकडे केला, दिसत तर नव्हतंच.

"देतो की," ते म्हणाले. आवाज मऊ होता. "बरा होऊ दे त्याला. उठू दे. मग देतो."

"आता द्या."

"आजारी माणसाच्या हातात कात्री देतात का, सूनबाई? हात कापून घेईल. माझाच मुलगा आहे तो. मला काळजी नाही का?"

खरंच काळजी होती त्यांना, तेही मी लिहिते. परत येऊन मी यांना सांगितलं, बाबा देणार आहेत, तुम्ही उठलात की. यांचा चेहरा उजळला. लग्नानंतर पहिल्यांदा बोलले होते तेव्हा होता, तसाच. "म्हटलं नव्हतं तुला?" ते म्हणाले.

उठले नाहीत. थंडीतल्या एका सकाळी मी गरम पाणी घेऊन गेले तर कागद छातीवर होता आणि ती बोथट कात्री बोटांतून गळून पडली होती.

दुकानाची रीत होती. मामंजी येऊन आपल्या जागी बसले. त्यांनी कात्री खाली काढली. मशीन थांबवायला मशीनवर कोणी नव्हतंच, तरी काजेकाकांनी उठून चाकावर हात ठेवला. थोरली येऊन पोचली होती, तिने माप वाचलं. रडत वाचलं, पण बरोबर वाचलं. मामंजींनी कापड पसरलं, खडू ओढला. कात्रीचा करकर आवाज सगळ्या घरात ऐकू आला. शेजारची माणसं दारात चपला काढून उभी होती.

"चला," मामंजी म्हणाले.

डावी बाही मनगटाच्या बरीच वर गेली होती. थोरलीने माझ्याकडे पाहिलं. काजेकाका हळूच कानाशी म्हणाले, "वहिनी, कापड पुष्कळ उरलंय. जोड देऊ. कोणाला कळणार नाही."

मी मशीनवर बसले. जसा बेतला तसा शिवला.

त्यांना कोट घातला. डावं मनगट उघडं राहिलं. भेटायला आलेल्या सगळ्यांना ते दिसलं, कोणी काही बोललं नाही. शेवटी मामंजींना धरून आणलं. ते खाली बसले, मुलाच्या कपाळावर हात ठेवला, मग खांद्यावर, मग हात चाचपत खाली आले. जिथे कापड असायला हवं तिथे त्यांच्या बोटांना कातडी लागली. थंड कातडी. बोटं तिथेच थांबली.

"शिलाई कोणी केली?"

"मी," मी म्हटलं. "बेतलं तशी."

त्यांनी हात काढला नाही. लोकांना वाटलं बापाला सोडवत नाही, म्हणून त्यांनी थोडा वेळ थांबून त्यांना उठवलं. मग यांना नेलं.

त्यानंतर कात्री खिळ्यावरच राहिली. गिऱ्हाइकं हळूहळू दुसरीकडे गेली, थोरलीचा दीर आपल्या गावी परतला. काजेकाका आपल्या मुलीकडे राहायला गेले, जाताना त्यांनी मला सुयांची डबी दिली. दुकानात मी आणि मामंजी, दोघंच उरलो. मी शेजारपाजारच्या बायकांचं शिवायची आणि दुपारी मामंजींना वर्तमानपत्र वाचून दाखवायची. आता त्यांना माझी अक्षरं लागत होती.

एकदा कुठल्याशा दूरच्या देशातल्या सत्ताधाऱ्याची बातमी होती. वाचता वाचता मी अडखळले. निरंकुश सत्तेचा शेवट, असं लिहिलं होतं.

"काय झालं? अवघड शब्द आहे का?" मामंजींनी विचारलं.

"नाही. येतो मला हा."

"काय अर्थ?"

"ज्याला कोणी अडवत नाही, असा."

त्यांचा हात मांडीवरून पुढे मागे फिरत होता, कापड सारखं करावं तसा.

"म्हणजे ज्याला कोणी काही सांगत नाही," ते म्हणाले. "वाईट असतं ते. माणसाला कळणार कसं?"

"मी सांगितलं होतं तुम्हाला. वकीलसाहेबांच्या वेळी."

त्यांनी मान हलवली, समजूत घातल्यासारखी.

"त्या दिवशी तू माप चुकीचं वाचलं होतंस, सूनबाई," ते म्हणाले. "जाऊ दे. वाच पुढे."

मी पुढे वाचलं.

हे गेले थोरलीच्या लग्नानंतरच्या चौथ्या हिवाळ्यात. मामंजी त्यानंतर दोन वर्षांनी, उन्हाळ्यात, दुपारच्या झोपेत गेले. त्यांच्यासाठी कोट बेतायला दुकानात कोणी नव्हतं, म्हणून त्यांना जुन्याच कोटात नेलं.